ताईंनी जुलाब निवडला

रविवारी सकाळी दहा वाजता ताईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर चार पांढरे पेले रांगेत मांडलेले होते. प्रत्येकाच्या बुडाला आकड्याची चिठ्ठी, प्रत्येकाशेजारी एक चमचा, आणि खुर्चीच्या उजव्या हाताला स्टुलावर एक मोठं स्टीलचं पातेलं. पातेलं थुंकण्यासाठी होतं. पेल्यांत चार तऱ्हेचे जुलाब होते, आणि त्यांतला कुठला आपल्या पोटात जायच्या लायकीचा आहे, ते ताई ठरवणार होत्या.

ताई एका चहाच्या कंपनीत मुख्य टी-टेस्टर होत्या. तेहेतीस वर्षं रोज दोनशे पेले. घोट फुर्रकन ओढायचा, जिभेवर फिरवायचा, पिकदाणीत टाकायचा आणि पुढच्या पेल्याकडे वळायचं. कामावर असताना त्यांनी आजवर चहाचा एक थेंब गिळलेला नव्हता. त्यांनी नुसती एक भुवई वर केली तरी गाडीभर चहा आल्या वाटेने परत जाई, आणि मालक त्यावर एक शब्द बोलत नसत. अशा बाईला कुणी 'हे घ्या आणि गुपचूप प्या' म्हणावं आणि तिने ते ऐकावं, ही अपेक्षाच मुळात चुकीची होती.

अपेक्षा डॉक्टरीणबाईंची होती. ताईंचे वडील मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने गेले होते. वडिलांना होता म्हणजे मुलांची तपासणी व्हायलाच हवी, असं डॉक्टरीणबाईंनी दोन वर्षांपूर्वीच ताई आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. आतड्यात दुर्बीण घालून बघायचं, काही वाढलेलं दिसलं तर तिथल्या तिथे काढून टाकायचं. अर्ध्या तासाचं काम. ताई म्हणाल्या, बघू. भाऊ म्हणाला, मला काही होत नाही. त्यानंतर भाऊ त्या रस्त्यानेही गेला नाही, आणि ताईंना दर महिन्याला काही ना काही महत्त्वाचं काम निघत गेलं.

शेवटी ताईंच्या लेकीने परस्पर सोमवारी दुपारी दोनची वेळ घेतली. लेक बालवाडीत शिकवायची. फ्रिजवर तिने रंगीत तक्ता लावला: तीन दिवस साली नको, बिया नकोत, कोंडा नको, रविवारी नुसते पातळ पदार्थ. नियम पाळला की चांदणी. आईला एकटं वाटू नये म्हणून घरात सगळ्यांनी तेच खायचं, असाही हुकूम निघाला. त्यात भाऊ सापडला. त्याच्या घराला रंग लागत होता, म्हणून तो आठवडाभर बहिणीकडे राहायला आला होता. पोटाने ऐसपैस म्हणून घरीदारी त्याचं नाव ढब्बू, भाचीसाठी ढब्बूमामा. गाडी शिकवायचं काम करणारा हा शांत माणूस रविवारी सकाळी दोन वाट्या पाण्यासारखं सूप पिऊन, तक्त्यावरच्या आपल्या तीन चांदण्यांकडे खिन्नपणे बघत बसला होता.

तपासणीआधी आतडं धुऊन काढावं लागतं, आणि धुवायचे मार्ग एकाहून अधिक असतात, हे डॉक्टरीणबाईंनी ताईंना सांगितलं ती त्यांची एकच चूक. पहिलं औषध म्हणजे चार लिटर पाण्यात कालवायची पावडर. दुसरं लिंबाच्या चवीचं, दोन लिटरचं, अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं त्या दिवशी सकाळी. तिसऱ्यात दोन छोट्या बाटल्या, पण वरून भरपूर पाणी. चौथ्यात चोवीस गोळ्या. ताईंचे रक्ताचे रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्हाला चारही चालतील. तुमच्याच्याने जे संपेल ते घ्या."

"चव बघितल्याशिवाय कसं सांगू?" ताईंनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंना तो विनोद वाटला. त्या हसल्या आणि औषधं मिळण्याचं दुकान दाखवलं. ताईंनी चारही आणली.

"आई, अगं त्यातलं एक घ्यायचं असतं," लेक म्हणाली.

"एकच घेणार आहे. पण मला कुणी सांगितलं म्हणून नाही. माझ्या जिभेने सांगितलं म्हणून. माझ्या पोटात काय जाणार ते मी ठरवणार."

मग रीतसर परीक्षा मांडली गेली. नमुना कमी-जास्त पातळ झाला की चव खोटी येते, म्हणून ताईंनी चार लिटरच्या औषधात मोजून चार लिटर पाणी घातलं. दोन छोट्या बाटल्या एकसारख्या आहेत का हे बघायचं म्हणून दोन्ही फोडल्या. गोळ्या गिळायच्या असतात, चाखायच्या नसतात, असं डब्यावर ठळक छापलेलं होतं. पण न चाखता पास करणं ताईंच्या तत्त्वात बसत नव्हतं, म्हणून चोवीसच्या चोवीस गोळ्या त्यांनी पाण्याच्या एका जगमध्ये विरघळवल्या. लिंबाच्या औषधाची तेवढी पुडी दोन भागांत होती. त्यातला पहिला भाग त्यांनी लिटरभर पाण्यात कालवला आणि दुसरा डब्यातच राहू दिला.

एका जिभेवर निकाल द्यायचा नाही, हा कचेरीचा नियम. मुख्य परीक्षक आधी, दुसरा परीक्षक मागाहून. दोघांचं जुळलं की सही. दुसरा परीक्षक म्हणून ढब्बूमामांची नेमणूक झाली.

"घोट ओढायचा, फिरवायचा, टाकायचा," ताईंनी समजावलं. "शेवटचा पेला होईपर्यंत बोलायचं नाही."

त्यांनी पहिला घोट असा ओढला की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. पातेल्यात टाकला. "सुरुवात बेचव, मध्ये बेचव, मागून खारं." दुसरा घोट. "लिंबू वरवरचं आहे, पण प्रयत्न प्रामाणिक." तिसऱ्याला त्यांनी नुसती मान हलवली. विरघळलेल्या गोळ्यांचा घोट घेतल्यावर मात्र त्या मिनिटभर खिडकीबाहेर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे ज्याने बनवलं त्याला एकदा भेटायचंय मला."

ढब्बूमामांनीही चारही पेले चाखले. फक्त एक गोष्ट ते करू शकले नाहीत. आई लवकर गेल्यावर ताईंनीच त्यांना वाढवलं होतं. सहाव्या वर्षी अंगणात थुंकल्याबद्दल ताईंच्या हातची जी थप्पड बसली होती, तिच्यानंतर पंचेचाळीस वर्षांत ते बहिणीसमोर थुंकलेले नव्हते. आता पन्नाशी उलटल्यावर, ताईंच्याच स्वयंपाकघरात, ताईंच्याच पातेल्यात? मामा पेला घेऊन अदबीने मोरीकडे वळले, पाठमोरे झाले आणि गिळून मोकळे झाले. पोटात दोन दिवस धड काही नव्हतंच. दुसऱ्या नंबरचं तर त्यांना बरं लागलं.

पहिल्या फेरीत लिंबू पुढे आलं. बाकीचे तिन्ही नापास. नापास नमुना टेबलावर ठेवायचा नाही, नाहीतर नंतर कुणीतरी रदबदली करतं, हाही कचेरीचा नियम. ताईंनी चार लिटरचा जग, बाटल्यांचं मिश्रण आणि गोळ्यांचं पाणी उचललं आणि एकामागून एक मोरीत ओतून टाकलं. लेक तेवढ्यात कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली होती आणि तिथेच शेजारणीशी गप्पांत अडकली होती.

पण नुसतं पुढे येणं म्हणजे पास होणं नव्हे. लिंबाचं औषध कुठल्या अवस्थेत कमीत कमी वाईट लागतं, हे बघायचं राहिलं होतं. पहिला ग्लास साधा. दुसरा बर्फासारखा गार. तिसरा नळीने, जिभेला बगल देऊन. चौथा नाक दाबून. जीभ थकू नये म्हणून दोन ग्लासांच्या मध्ये पंधरा मिनिटांची विश्रांती. प्रत्येक ग्लासातला एक घोट ताईंनी घेऊन पातेल्यात टाकला आणि भरलेला ग्लास दुसऱ्या परीक्षकाकडे सरकवला. चाखून झालेला पेला दुसऱ्या परीक्षकाने रिकामा करायचा असतो. मामांनी चारही ग्लास मोरीकडे नेले आणि रिकामे करून आणले. पाव लिटरचे चार ग्लास, दर पंधरा मिनिटांनी एक. डब्यावर छापलेली घ्यायची पद्धत नेमकी हीच होती, पण ती त्या दोघांपैकी कुणीच वाचलेली नव्हती.

सव्वा वाजता ताईंनी वहीत लिहिलं: लिंबू, गार, नळीने, नाइलाज म्हणून पास. खाली सही केली. मामांची सही घ्यायला मान वर केली तर खुर्ची रिकामी होती आणि संडासाची कडी आतून लागलेली होती.

"काय झालं रे?"

"काही नाही," आतून आवाज आला. "निकाल लागतोय."

लेक खाली आली तेव्हा सगळा उलगडा व्हायला पाच मिनिटंही लागली नाहीत. तिने मोरी बघितली, रिकामे डबे बघितले, बंद दाराकडे बघितलं. "मामा, तू ते गिळलंस?"

"मग काय ताईसमोर थुंकू?"

लेकीने कपाळावर हात मारून घेतला. संध्याकाळी सहाला ताईंना पहिला अर्धा डोस प्यायचा होता, आणि घरात उरला होता फक्त लिंबाचा दुसरा भाग. ताईंनी शांतपणे पर्स उचलली. दुसरं पाकीट आणायचा बेत त्यांनी आधीच केला होता. चाचणीत गेलेला माल कुणी विकायला ठेवतं का? मात्र ही औषधं ठेवणारं ते एकच दुकान रविवारी एक वाजता बंद होतं, हे कुणाला ठाऊक नव्हतं. फोनवर दुकानदार गावाला निघाल्याचं कळलं. दुकान सोमवारी दहाला उघडणार, आणि दहानंतर दोन डोस पिऊन दोनला टेबलावर झोपणं कोणत्याच हिशेबात बसेना.

लेकीने दवाखान्यात फोन लावला. मदतनीस बाई म्हणाल्या, पोट साफ नसेल तर वेळ रद्द करावी लागेल, आणि पुढची वेळ दीड महिन्यानंतर.

"अरेरे," ताई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर हळहळ होती, पण मनात काय होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. दीड महिना! खांद्यावरचं ओझं कुणीतरी उतरवून घ्यावं तसं त्यांना हलकं वाटलं. आणि तसं वाटल्याबद्दल लगेच स्वतःचा रागही आला.

पण मदतनीस बाईंनी फोन डॉक्टरीणबाईंकडे दिला, आणि लेकीने बालवाडीतल्या शिस्तीने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. मग डॉक्टरीणबाईंनी मामांचं वय विचारलं. एक्कावन्न. रक्तदाब? नाही. मूत्रपिंडं, हृदय? गाड्या शिकवणाऱ्यांची दरवर्षी तपासणी होते. गेल्या महिन्यातच झाली, सगळं ठीक. तीन दिवस काय खाल्लंय? लेकीने तक्ता वाचून दाखवला. औषध किती गेलं? लिंबाचं लिटरभर, आईने थुंकलेले चार-पाच घोट सोडले तर सगळं, पंधरा मिनिटांच्या अंतराने.

"ज्याच्या पोटात पहिला अर्धा गेलाय, दुसरा अर्धा त्यालाच उपयोगी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी दोन वर्षांपूर्वी दोघांनाही या म्हटलं होतं. उद्या भावाला घेऊन या. आज भरपूर पाणी प्यायला सांगा. चक्कर आली किंवा पोटात फार दुखलं तर लगेच फोन."

ही बातमी दाराबाहेरून सांगण्यात आली. आतून उत्तर आलं, ते अगदी घराण्याला शोभणारं.

"मी येणार नाही. माझ्या पोटात दुर्बीण घालायचा कुणाला काय अधिकार? मला काही होत नाही."

लेकीने समजावलं, चांदण्यांचं आमिष दाखवलं, शेवटी हात टेकले. मामा मध्ये दोनदा बाहेर आले, पाणी प्याले, नकार सांगितला आणि परत आत गेले. पालथ्या घड्यावर पाणी. चार वाजता ताईंनी स्टूल उचललं आणि बंद दारासमोर ठेवून त्यावर बसल्या.

"ढब्बू, उद्या जायचं."

"तू दोन वर्षं गेलीस का?"

"माझं वेगळं आहे."

"काय वेगळं आहे? तुला कामं होती. ऑडिट होतं, परदेशी पाहुणे होते, आणि आज चार पेले होते. ताई, मी खाली मुंडी घालून बसतो म्हणून मला कळत नाही असं नाही. खरं सांग, का नाही गेलीस?"

ताईंना उत्तर तयार होतं. त्यांना उत्तरं नेहमीच तयार असत. पण दार बंद असल्यामुळे समोर कुणी बघत नव्हतं, आणि म्हणूनच बहुतेक वेगळंच तोंडातून आलं.

"भीती वाटते."

आतला नळ बंद झाला.

"तुला?"

"मला. बाबा गेले तेव्हा तू बाहेरगावी होतास. आधी सहा महिने ते कुणाला काही बोलले नाहीत. रोज सकाळी मी त्यांचा चहाचा पेला उचलायची, तर अर्धा भरलेला. मी विचारायची, चहा बरा नाही झाला का? ते म्हणायचे, छान झालाय. जगातला कुठला चहा कुठल्या मळ्यातला ते मी एका घोटात सांगते, ढब्बू. आणि बाबांनी चहा का टाकला, ते मला सहा महिने कळलं नाही. आता दुर्बीण घातली आणि माझ्यात तेच निघालं तर? नाही बघितलं तर निदान नाही असं म्हणता येतं." त्या थांबल्या. पदराने नाक पुसलं. "पण तुझ्या बाबतीत मला असं म्हणता येत नाही. मला ते बघायचंच आहे. तू जायलाच हवंस."

"ताई."

"काय?"

"जरा लांब बस. प्लीज."

ताई स्टूल घेऊन दिवाणखान्यापर्यंत लांब गेल्या. दहा मिनिटांनी कडी निघाली. मामा बाहेर आले ते भिंतीला धरून, पण ताठ मानेने.

"मी उद्या जातो," ते म्हणाले. "पण एका अटीवर. माझं झालं की लगेच तू. पहिली जी तारीख मिळेल ती. आणि समोर जे येईल ते प्यायचं."

"मला अट घालतोस?"

"घालतो. आज पहिल्यांदाच घालतोय. बघ जमतंय का."

ताईंच्या आयुष्यात त्यांना अट घालणारा माणूस अजून जन्माला यायचा होता, असा त्यांचा समज होता. तो एक्कावन्न वर्षांपूर्वीच जन्मला होता आणि त्यांनीच त्याला न्हाऊमाखू घातलं होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी होकाराची मान हलवली.

सोमवारी सकाळी मामांनी दुसरा अर्धा डोस संपवला, लेकीच्या देखरेखीखाली, नाक न दाबता. दोन वाजता त्यांना आत नेलं. ताई बाहेर बाकावर बसल्या. समोरच्या यंत्रातला चहा लेकीने आणून दिला, तो त्यांनी कसा लागतो हेही न बघता पिऊन टाकला. लेकीने ते बघितलं आणि तिला पहिल्यांदा खरी काळजी वाटली.

तीन वाजता डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. आतडं चांगलं स्वच्छ होतं, त्यामुळे सगळं नीट दिसलं. दोन गाठी होत्या, एक वाटाण्याएवढी, एक जरा मोठी. दोन्ही काढल्या, तपासणीला पाठवल्या. दिसायला साध्या वाटत होत्या.

"राहू दिल्या असत्या तर?" ताईंनी विचारलं.

"काहींचं काहीच होत नाही. काहींचं आठ-दहा वर्षांत तुमच्या वडिलांसारखं होतं. कुणाचं काय होईल ते आधी सांगता येत नाही, म्हणून काढून टाकायच्या."

पोटात काय गेलं आणि कसं गेलं, याची कालपासून घरात एवढी चर्चा झाली होती. पण आतून काय बाहेर आलं ते ऐकताच ताई कुणाला न विचारता सरळ आत गेल्या. आत मामा गुंगीत होते. एक डोळा उघडून म्हणाले, "मला काही होत नाही, सांगितलं होतं ना," आणि परत झोपले. ताई त्यांच्या उशाशी बसून मनसोक्त रडल्या. आणि परिचारिकेने रुमाल पुढे केला तेव्हा, रुमालाची काही गरज नाही, असं तिला बजावायला विसरल्या नाहीत.

गाठी साध्या असल्याचं बुधवारी सकाळी कळलं; मामांनी तीन वर्षांनी परत यायचं होतं. फ्रिजवरचा तक्ता लेकीने उतरवला नव्हता, ताई अजून त्याप्रमाणेच जेवत होत्या; म्हणून गुरुवारी कुणाची तरी वेळ रद्द झाली होती, ती मदतनीस बाईंनी ताईंना दिली आणि कपाटातून औषधाचं एक खोकं काढून हातावर ठेवलं. चारांपैकी कुठलं, ते ताईंनी बघितलंही नाही. लेकीने वाचायला घेतलं तर त्यांनी तिच्या हातातून खोकं काढून पर्समध्ये टाकलं.

बुधवारी संध्याकाळी सहा वाजता ताई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. टेबलावर एकच ग्लास होता. मामांनी औषध कालवलं, ग्लास भरून पुढे सरकवला आणि बहिणीची वही उघडून, पेन सरसावून समोर बसले. ताईंनी ग्लास तोंडाला लावला आणि गटागटा, एका दमात, शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला. डोळ्यांत पाणी आलं. कान लाल झाले. पण त्यांनी तोंड पुसलं नाही.

"बोल," मामा म्हणाले. "चव कशी आहे?"

"चव गेली खड्ड्यात," ताई म्हणाल्या. "पुढचा ओत."